पहिला पाळीव साप आणि मध्यम टाकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळायला पहिला साप घेऊ पाहणारे लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. मध्यम टाकी म्हणजे नेमकी केवढी?

ढोबळमानाने ९० सेंमी लांब, ४५ रुंद आणि ४० ते ४५ उंच. माशांच्या टाक्यांच्या हिशेबात ही ४० गॅलनची. सापासाठी मात्र लिटर-गॅलनवरून फारसं काही कळत नाही. या उत्तरांतल्या बहुतेक सापांचं आयुष्य जमिनीवर किंवा जमिनीखाली जातं, तेव्हा आधी तळाची लांबी-रुंदी बघा. उभट टाकीत लिटर भरपूर भरतात आणि सापाला सरकायला जागा उरत नाही. यापुढे ‘मध्यम’ म्हटलं की ९० × ४५ आणि ‘मोठी’ म्हटलं की १२० × ६० धरा.

२. फार खोलात नको. या टाकीत पहिला साप कोणता ठेवू?

केनियन सँड बोआ, रोझी बोआ किंवा वेस्टर्न हॉगनोजचा नर. तिघंही पूर्ण वाढल्यावरसुद्धा मध्यम टाकीत मावतात, स्वभावाने सौम्य असतात आणि त्यांना फार दमट हवा लागत नाही. एकच नाव सांगा असा आग्रह असेल तर रोझी बोआ. बंदिवासात जन्मलेलं पिल्लू मिळालं तर नवख्या माणसाने दुसरीकडे बघायचं कारण नाही. सविस्तर प्रश्न ५ ते ७ मध्ये.

३. मग सगळे कॉर्न स्नेक आणि बॉल पायथनच का सुचवतात?

कारण दोन्ही खरंच चांगले साप आहेत. कॉर्न स्नेक सहसा न कुरकुरता खातो, तापमानात थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावून नेतो आणि अनेक रंगांत मिळतो. बॉल पायथन संथ, जाडजूड आणि भित्रा. घाबरला की चावण्याऐवजी डोकं आत घेऊन गोळा होतो. अडचण टाकीची आहे. कॉर्न स्नेक साधारण १०० ते १५० सेंमी होतो. बॉल पायथनची मादीही १२० ते १५० पर्यंत जाते आणि तिचा घेर मोठा असतो. दोघांनाही मोठी टाकी लागते.

विकणारा पंचवीस-तीस सेंमीचं पिल्लू दाखवतो तेव्हा ९० सेंमीची टाकी मैदानासारखी वाटते. दोन-तीन वर्षांत ती वाटेनाशी होते. मोठ्या टाकीची जागा घरात आजच मोजून ठेवली असेल तर कॉर्न स्नेक बिनधास्त घ्या. ‘पुढचं पुढे बघू’ असं असेल तर प्रश्न २ मधल्यांपैकी घ्या.

४. साप तर वेटोळं करूनच पडलेला असतो. त्याला एवढी जागा हवी कशाला?

जुना ठोकताळा असा होता की टाकीची लांबी अधिक रुंदी मिळून सापाच्या लांबीएवढी भरली की झालं. आता अनेक जाणकार सांगतात की सापाला पूर्ण अंग सरळ ताणता आलं पाहिजे, म्हणजे टाकी किमान त्याच्या लांबीएवढी हवी. जागा मिळाली की साप ताणून पडतात, फिरतात, चढतात. हे बहुतेक रात्री होतं आणि आपण तेव्हा झोपलेले असतो, इतकंच. शिवाय उष्णतेचा प्रश्न आहे. तोकड्या टाकीत एक टोक गरम आणि दुसरं गार ठेवताच येत नाही (प्रश्न १२).

मोठ्या टाकीत साप घाबरतो असंही ऐकू येतं. तो घाबरतो मोकळ्या, उघड्या जागेला. पाला, सालींचे तुकडे, फांद्या आणि लपायला जागा दिल्या की पिल्लूही मोठ्या टाकीत नीट राहतं. फक्त झाकण आणि फटी त्याच्या डोक्यापेक्षा अरुंद आहेत का ते तपासा.

५. केनियन सँड बोआ कसा असतो?

आपल्या मांडुळाचा आफ्रिकेतला भाऊबंद. दोघं एकाच कुळातले, एरिक्स वंशाचे. मादी ६० ते ७५ सेंमी आणि चांगली जाड होते. नर बरेचदा ४५ च्या आतच राहतो. पिल्लं थेट जन्माला येतात, अंडी नसतात.

हा साप मातीत राहतो. आठ-दहा सेंमी जाड थर द्या, त्यात तो शिरून बसेल आणि तुम्हाला दिवसभरात फार तर नाकाचा शेंडा आणि डोळे दिसतील. पाहुण्यांना दाखवायला साप हवा असेल त्यांची इथे निराशा होते. ज्यांना कमी उपद्व्यापाचा, वर्षानुवर्षं टिकणारा प्राणी हवा त्यांच्यासाठी उत्तम.

दोन गोष्टी सांभाळा. वरून अचानक हात गेला तर तो भक्ष्य समजून झटकन बाजूला तोंड मारतो, म्हणून हात त्याच्या खालून, मातीसकट घालून उचला. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. टाकीखाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) असेल तर हा साप माती उकरून थेट तापलेल्या काचेवर जाऊन पडतो. थर्मोस्टॅटचा सेन्सर मातीच्या वर ठेवला तर वरचं तापमान बरोबर दिसतं आणि खाली साप भाजतो. सेन्सर मॅटच्या जागी काचेलगत लावा.

६. रोझी बोआ एवढा का आवडतो तुम्हाला?

अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि लगतचा मेक्सिको हा याचा कोरडा, खडकाळ मुलूख. बहुतेक रोझी बोआ ६० ते ९० सेंमीवर थांबतात. हालचाल सावकाश, चावणं क्वचित, खाण्याची तक्रार कमी. हातात घेतला की बोटांभोवती विळखा घालून निवांत बसतो. कॉर्न स्नेकचं पिल्लू नव्या माणसाच्या हातातून सुळकन निसटतं, तसं इथे सहसा होत नाही.

त्याला ओल मानवत नाही. कोंदट, दमट टाकीत तो खाल्लेलं ओकतो किंवा श्वसनाचा आजार घेतो. पाण्याचं भांडं लहान आणि जड ठेवा, हवा खेळती ठेवा. एका गोष्टीची तयारी मात्र हवी: वीस-पंचवीस वर्षं तो तुमच्याबरोबर राहील.

७. हॉगनोज विषारी असतो म्हणतात. मग नवख्याला का सुचवता?

निमविषारी. त्याचे किंचित मोठे दात जबड्याच्या मागच्या बाजूला असतात आणि लाळेत सौम्य विष असतं. ते माणसाच्या अंगात जायला त्याला धरून बराच वेळ चावत राहावं लागतं. असं झालं तर सूज येते, कधी फोड येतात, आणि ते उतरायला काही दिवस लागू शकतात. मधमाशीच्या डंखाने ज्यांना गंभीर ॲलर्जी होते त्यांनी हा साप टाळावा. तुमच्या भागात निमविषारी साप पाळण्याबाबत वेगळा नियम आहे का, तेही बघा (प्रश्न २२).

बाकीच्यांसाठी हा सर्वांत करमणुकीचा साप आहे. वर वळलेलं नाक, दिवसा जागं राहण्याची सवय आणि नाटकं. घाबरला की मान चपटी करतो, फुत्कारतो, तोंड मिटूनच टोले मारतो. काही जण उलटे पडून, जीभ बाहेर काढून मेल्याचं सोंग घेतात.

नरच का? नर साधारण ४० ते ५५ सेंमी, मादी ६० ते ९०. मध्यम टाकीत मादीही मावते, पण नर ऐसपैस राहतो. खरी कटकट खाण्याची. निसर्गात हे बेडूक आणि भेक खातात, त्यामुळे काही पिल्लं उंदराला तोंड लावत नाहीत. गोठवून वितळवलेला उंदीर लागोपाठ काही वेळा खाल्लेलं पिल्लूच घ्या.

८. आणि चिल्ड्रन्स पायथन?

उत्तर ऑस्ट्रेलियातला हा छोटा अजगर ७५ ते १०० सेंमी होतो. लहान राहिलेला नर मध्यम टाकीत चालून जातो, मोठ्या मादीला ती तोकडी पडते. पिल्लं चावरी असतात, वाढताना निवळतात.

९. किंगस्नेक दिसायला फार सुंदर आहे. चालेल?

कॅलिफोर्निया किंगस्नेक मजबूत आणि खादाड. खायला कधी नाही म्हणत नाही, हेच त्याचं सुख आणि हीच पंचाईत: उंदराचा वास लागलेल्या बोटालाही तो नाही म्हणत नाही. लांबी १०० ते १२० सेंमीपर्यंत जाते, म्हणून टाकी मोठी हवी. दुसरे साप हा त्याचा नैसर्गिक आहार आहे, तेव्हा प्रश्न १९ वाचल्याशिवाय त्याच्या टाकीत काहीही ठेवू नका.

१०. कोणता साप पहिल्यांदा मुळीच घेऊ नये?

बर्मीज पायथन, रेटिक्युलेटेड पायथन, ॲनाकोंडा: आकारामुळे. कोणताही विषारी साप: कारण सांगायची गरज नसावी. रफ ग्रीन स्नेक: किडे खातो आणि माणसाने हाताळलं की खचतो. अंडीखाऊ साप: उंदीर नको म्हणून लोक याच्याकडे वळतात, पण पिल्लांना गिळता येतील एवढी बारीक पक्ष्यांची अंडी वर्षभर मिळवणं जिकिरीचं काम आहे. आणि जंगलातून धरलेला कोणताही साप, मग जात कितीही सोपी असो.

११. साप किती वर्षं जगतो?

कॉर्न स्नेक आणि सँड बोआ पंधरा ते वीस, कधी जास्त. हॉगनोज पंधराच्या आसपास. बॉल पायथन वीस ते तीस सहज. सेंट लुई प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथनने २०२० मध्ये अंडी घातली तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे असल्याचा अंदाज होता. दहावीतल्या मुलाला साप घेऊन देताना हे लक्षात ठेवा. मुलगा शिकायला बाहेर जाईल आणि साप तुमच्याकडे राहील.

१२. टाकीत तापमान किती ठेवायचं?

एकच आकडा चालत नाही. साप स्वतःच्या शरीराची उष्णता बाहेरून घेतो, म्हणून एक टोक गरम, दुसरं गार आणि मध्ये उतार लागतो. गरज पडेल तसा तो सरकतो. गरम टोकाला पृष्ठभागाचं तापमान रोझी बोआ आणि कॉर्न स्नेकला २९ ते ३२ अंश सेल्सिअस, बॉल पायथनला ३१ ते ३३, सँड बोआ आणि हॉगनोजला ३२ ते ३५. गार टोक २२ ते २६ च्या दरम्यान. बॉल पायथनसाठी २५ च्या खाली नको.

उष्णतेचं साधन कोणतंही घ्या, थर्मोस्टॅटशिवाय लावू नका. मॅट तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखालीच असावी. तापणारे कृत्रिम दगड मिळतात, ते घेऊ नका. साप त्यांवर भाजेपर्यंत पडून राहतात. काचेला चिकटवायचा गोल काट्याचा थर्मामीटर हवेचा अंदाज सांगतो आणि तोही बरेचदा चुकीचा. सेन्सरवाले दोन डिजिटल थर्मामीटर घ्या, दोन टोकांना एकेक.

दोन्ही टोकांना लपायची जागा हवी. एकाच टोकाला दिली तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यांतलं एकच निवडावं लागतं, आणि घाबरलेला साप नेहमी लपायचंच निवडतो.

१३. दिवा लागतो का? लाल दिवा रात्री चालतो ना?

दिवसाचे बारा तास उजेड आणि रात्री पूर्ण अंधार, एवढं पुरे. रात्री लाल-निळे दिवे नकोत. सौम्य यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा दिला तर चांगलंच, विशेषतः दिवसा हिंडणाऱ्या हॉगनोजला. पण पूर्ण उंदीर खाणारे हे साप त्याशिवायही नीट जगतात.

१४. खाली काय पसरू? दमटपणा किती हवा?

कोरड्या हवेच्या सापांना (रोझी, सँड बोआ, हॉगनोज) ॲस्पेन लाकडाचा भुसा उत्तम. बीळ करता येतं आणि साफ करणं सोपं. बॉल पायथनला ६० ते ८० टक्के दमटपणा लागतो, तिथे नारळाच्या शेंड्यांचा भुसा किंवा सायप्रसच्या साली. काचेच्या टाकीला वर जाळीचं झाकण असेल तर हा दमटपणा टिकवताना दमछाक होते. बॉल पायथन मध्यम टाकीसाठी अडचणीचा ठरतो त्याचं हे दुसरं कारण. देवदार आणि पाइनचा भुसा कुणालाच नको. त्यातली सुगंधी तेलं सापांना बाधतात. वर्तमानपत्र दिसायला भिकार, पण नव्या सापाच्या पहिल्या महिन्यात तेच बरं. विष्ठा, ओकलेलं, किडे सगळं लगेच दिसतं.

१५. उंदीर न देता साप पाळता येईल का? आम्ही शाकाहारी आहोत.

नाही. शाकाहारी साप अस्तित्वात नाही. आणि साप दूधही पीत नाही. तहानेने व्याकूळ झाला तर समोरचा कोणताही द्रव पिईल, पण दूध त्याला पचत नाही.

घरात गोठवलेले उंदीर ठेवणं ज्यांना जमणार नाही त्यांनी हे आधीच, घरातल्या सगळ्यांशी बोलून ठरवावं. ‘साप आणा, पण फ्रिजमध्ये ते नको’ अशी तडजोड टिकत नाही. फार तर वेगळा छोटा फ्रीझर घ्या. उंदराला पर्याय शोधणाऱ्यांना अंडीखाऊ सापाची शिफारस का करत नाही ते प्रश्न १० मध्ये आहे.

१६. किती, कधी आणि कसं खायला द्यायचं?

उंदीर सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा किंवा किंचित मोठा. पिल्लांना पाच ते सात दिवसांनी पिंकी, म्हणजे केस न आलेलं उंदराचं पिल्लू. वाढलेल्या सापाला दहा ते चौदा दिवसांनी. मोठ्या बॉल पायथनला दोन ते चार आठवड्यांनी. नवखे लोक उपाशी ठेवण्यापेक्षा जास्त खाऊ घालून साप बिघडवतात. शेपटीकडचा भाग एकदम जाड आणि खवल्यांमध्ये कातडी दिसू लागली की समजा, जरा जास्त होतंय.

गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजच्या खालच्या भागात वितळू द्या, मग पिशवीत बांधून गरम पाण्यात ठेवा आणि अंगाएवढा कोमट झाला की लांब चिमट्याने द्या. मायक्रोवेव्ह नको, उंदीर आतून शिजतो किंवा फुटतो. खाल्ल्यावर ४८ तास सापाला हात लावू नका. ओकला तर दहा-बारा दिवस काहीही देऊ नका, तापमान तपासा आणि पुढचा उंदीर निम्म्या आकाराचा द्या. पुन्हा ओकला तर डॉक्टर.

जिवंत उंदीर देऊ नये. कोपऱ्यात सापडलेला उंदीर चावतो, आणि भूक नसलेल्या सापाला तो कुरतडतोसुद्धा.

१७. माझा साप खातच नाही. काय करू?

आधी कोणता साप आणि किती दिवस ते सांगावं लागेल. नुकताच आणला असेल तर एक आठवडा त्याला एकटं सोडा. डोळे निळसर-दुधी दिसत असतील तर कात टाकायला आला आहे, तेव्हा बरेच साप खात नाहीत. वाढलेला बॉल पायथन, विशेषतः नर, महिनोन्महिने उपास करतो. वजन टिकून असेल तर काळजीचं काही नाही. म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यासारखा, पण वेगळा ठेवलेला डिजिटल वजनकाटा घ्या. उपासाचे दिवस मोजत बसण्यापेक्षा वजनाचा आकडा जास्त सांगतो. सँड बोआ आणि हॉगनोजचे नर विणीच्या हंगामात अन्नावरची वासना सोडतात.

पिल्लू तीन-चार वेळा लागोपाठ नाही म्हणालं, किंवा पाठीचा कणा वर दिसू लागला, तर थांबू नका.

१८. साप माणसाला ओळखतो का? हाताळायचं कसं?

कुत्र्यासारखा लळा लावत नाही. तुमचा वास आणि तुमची सवय धोक्याची नाही हे त्याला कळतं, आणि तेवढ्यावर तो निवांत होतो. आणल्यावर एक-दोन आठवडे आणि किमान दोन जेवणं होईपर्यंत हात लावू नका. मग आठवड्यातून दोन-तीनदा दहा-दहा मिनिटं. वरून झडप घातल्यासारखा हात नेऊ नका, बाजूने न्या. अंगाला दोन्ही हातांचा आधार द्या. मान कधी पकडू नका.

चावलाच तर? कॉर्न स्नेक किंवा रोझी बोआचा चावा म्हणजे बारीक ओरखड्यांची रांग. ओढून काढू नका, त्याचे दात तुटतात आणि तुमची कातडी फाटते. सोडत नसेल तर तोंडाजवळ गार पाणी सोडा. मग साबणाने धुवा. हॉगनोजबाबत प्रश्न ७.

लहान मुलांचं वेगळं सांगतो. सापांच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात, साप ठणठणीत दिसत असला तरी. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया, वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं घरात असतील तर साप न घेणंच शहाणपणाचं. इतरांनी दर वेळी हात धुवावेत, आणि सापाची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत.

१९. एकटा कंटाळेल म्हणून दोन ठेवले तर?

ठेवू नका. सापाला सोबतीची गरज नसते. एकमेकांवर वेटोळं घालून बसलेले दोन साप प्रेमाने बसलेले नसतात, दोघांनाही तीच उबदार जागा हवी असते. एकच उंदीर दोन टोकांनी गिळायला लागले तर दुसऱ्या सापालाही गिळण्याचा प्रसंग येतो. किंगस्नेकला तर निमित्तही लागत नाही. एक सांगण्याजोगा अपवाद गार्टर स्नेकचा: ते बंदिवासात एकत्र राहू शकतात, पण त्यासाठी टाकी मोठी हवी आणि खाऊ घालताना त्यांना वेगळं करावं लागतं.

२०. विकत घेताना काय बघायचं?

डोळे स्वच्छ, जीभ आत-बाहेर होतेय, अंग गोलसर, गुदद्वाराजवळ काही चिकटलेलं नाही. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, तोंडाशी बुडबुडे, तोंड उघडं ठेवून वर मान: श्वसनाचा आजार, घेऊ नका. पाण्याच्या भांड्यात किंवा डोळ्यांभोवती काळे ठिपके सरकताना दिसले तर ते सापांवरचे किडे, त्या जागेतला कोणताच साप घेऊ नका.

मग जन्मतारीख आणि खाण्याची नोंद विचारा. ‘समोर खाऊन दाखवा’ म्हणा. बंदिवासात जन्मलेला आहे का हे ठासून विचारा. पश्चिम आफ्रिकेतून निर्यात झालेल्या बॉल पायथनमध्ये, जंगलातून आणलेल्या गाभण मादीच्या अंड्यांतून फार्मवर जन्मलेली पिल्लंही असतात. त्यांच्यात परजीवी आणि खाण्याच्या तक्रारी जास्त आढळतात. आणि साप घेण्याआधी त्याला तपासेल असा पशुवैद्य शोधून ठेवा. सगळे पशुवैद्य सरपटणारे प्राणी बघत नाहीत.

२१. रंगीत जाती नाजूक असतात का?

बहुतेक नाहीत. काळं रंगद्रव्य नसलेला कॉर्न स्नेक साध्या कॉर्न स्नेकएवढाच दणकट असतो. पण बॉल पायथनमधला ‘स्पायडर’ हा नमुना घेऊ नका. त्याच्या नक्षीबरोबर मज्जासंस्थेचा दोष येतो. डोकं डुगडुगतं, काहींना उंदरावर नेम धरता येत नाही. कमीजास्त असेल, पण सुटका नाही. ‘याचं फारच थोडं हलतं’ हे वाक्य ऐकलं की पुढे निघा.

२२. कायद्याचं काय?

देशागणिक बदलतं, कधी राज्यागणिक. न्यूझीलंडमध्ये साप पाळताच येत नाही. ऑस्ट्रेलियात कॉर्न स्नेक बेकायदा आहे, तिथले देशी साप मात्र परवान्याने पाळता येतात. अनेक ठिकाणी नेमकं उलट आहे: स्थानिक साप धरणं किंवा पाळणं गुन्हा, परदेशी जातींची नोंदणी सक्तीची. सगळे पायथन आणि बोआ ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत, त्यामुळे त्यांच्या सीमापार व्यापाराला कागदपत्रं लागतात. तुम्ही राहता तिथल्या वनखात्याकडे किंवा वन्यजीव खात्याकडे साप घेण्याआधी लेखी चौकशी करा. विकणाऱ्याचं ‘चालतं हो’ हे उत्तर तिथे कामाला येत नाही.

२३. नको झाला तर रानात सोडला तर चालेल ना?

अजिबात नाही. एक तर तो मरेल, नाहीतर जगेल, आणि जगला तर जास्त वाईट. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्समध्ये बर्मीज पायथनने आणि ग्रान कॅनारिया बेटावर कॅलिफोर्निया किंगस्नेकने स्थानिक प्राण्यांचं काय केलं ते जगजाहीर आहे. दोन्ही ठिकाणी सुरुवात पाळीव सापांपासूनच झाली. दुसरा जाणकार पाळणारा शोधा किंवा पशुवैद्याला विचारा.

२४. कात तुकड्यातुकड्यांत निघतेय.

हवा फार कोरडी. ओलसर शेवाळ भरलेला, भोक पाडलेला डबा टाकीत ठेवा, अगदी रोझी बोआलाही कातीच्या दिवसांत. शेपटीच्या टोकावर कातीचं कडं अडकून राहिलं तर रक्तपुरवठा तुटतो, ते बघत जा. डोळ्यावरची काचेसारखी पापुद्री अडकली असेल तर स्वतः चिमट्याने ओढू नका.

२५. साप टाकीतून पळाला. कुठे शोधू?

घाबरू नका, बहुतेक वेळा तो त्याच खोलीत असतो. दारं बंद करा, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबा. भिंतीच्या कडेने बघा, फ्रिजच्या मागे, पुस्तकांच्या मागे, गादीखाली, जिथे ऊब आणि अंधार असेल तिथे. रात्री जमिनीवर पिठाची पातळ रेघ मारून ठेवली तर सकाळी तो कुठून गेला ते कळतं. सापडल्यावर झाकणाला क्लिपा किंवा कुलूप लावा. झाकणावर ठेवलेली पुस्तकं कॉर्न स्नेक सहज ढकलतो.

२६. वीज गेली, किंवा उलट खोलीच खूप तापली तर?

काही तासांच्या थंडीने निरोगी सापाला काही होत नाही. टाकीवर ब्लँकेट टाका, फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा, आणि तोवर खायला देऊ नका. ऊब नसेल तर पचत नाही. उष्णता जास्त धोक्याची. खोली ३२-३३ च्या वर गेली तर तापवणारी साधनं बंद करा आणि टाकी गार खोलीत हलवा. टाकी खिडकीच्या उन्हात कधीच ठेवू नका, बंद काच मिनिटांत भट्टी होते.

आठवडाभर गावाला जायचं असेल तर वाढलेल्या सापाला अन्नाची चिंता नाही. पाणी आणि थर्मोस्टॅट बघायला मात्र कुणीतरी यायला हवं.

२७. टाकी ९० सेंमीचीच राहणार, मोठी कधीच शक्य नाही. घरात दमट हवा असते. आणि साप दिवसा दिसलाही पाहिजे. आहे का असा?

हा प्रश्न अवघड, कारण तिन्ही अटी एकमेकींशी भांडतात. दिवसा दिसण्याच्या अटीवर सँड बोआ बाद. दमट हवेत रोझी बोआ अवघड. उरतो हॉगनोजचा नर. तोही कोरड्याचा साप आहे, पण रोझीपेक्षा जास्त सोसतो. ॲस्पेनचा थर कोरडा ठेवा, वर पूर्ण जाळीचं झाकण घ्या, पाण्याचं भांडं गार टोकाला ठेवा आणि हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र लावा. आकडा दिवसेंदिवस ६० टक्क्यांच्या वर राहत असेल तर खोलीतला दमटपणा कमी करणारं यंत्र लागेल.

ते करायचं नसेल तर एकटा गार्टर स्नेकचा नर बघा. तो ६० सेंमीच्या आसपास राहतो, दिवसा सतत हिंडतो आणि दमटपणाबद्दल तक्रार करत नाही. त्याची लाळही किंचित विषारी असते, पण चाव्याने सहसा थोडी खाज-सूज यापलीकडे काही होत नाही. हाताळायला मात्र चपळ आहे, घाबरला की दुर्गंधी सोडतो, आणि वारंवार खातो म्हणून वारंवार साफसफाई. त्याला नुसते गोल्डफिश खाऊ घालू नका; त्यांच्यातल्या एका विकरामुळे ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि सापाला झटके येतात. वितळवलेल्या पिंकीची सवय लागलेलाच घ्या.